विंडोजवरून मॅकवर: जुन्या मराठी फाइली, सरकणारी पानं आणि गोंधळलेली बोटं

मुद्रितशोधक:

मंडळी, मदत हवी आहे. मी पुस्तकांची प्रूफं वाचते, मधूनमधून भाषांतरं करते. आजवर हातात फक्त विंडोज. जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे, ११ त्याला झेपत नाही, आणि १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून नवा लॅपटॉप घेतला, मॅकबुक एअर, एम मालिकेतल्या चिपचा. मॅकच का, लिनक्स का नाही, हा वाद कृपया इथे काढू नका. तो आमच्या घरी पुरेसा झालेला आहे.

मशीन सुरू केलं, भाषा निवडली, बोटाचा ठसा दिला, इथवर झकास. मग सगळं अडलं.

आधी फाइली. बाहेरच्या डिस्कवर माझं सगळं काम आहे. ती मॅकला जोडली की फाइली दिसतात, उघडतातही, पण दुरुस्ती करून जतन करायला गेलं की नकार. नवा फोल्डरसुद्धा करू देत नाही. डिस्क खराब झाली म्हणावं, तर जुन्या लॅपटॉपवर ठणठणीत चालते.

मग मराठी. मी इनस्क्रिप्टवाली. कळफलक सापडला, पण मराठीतून इंग्रजीत जायला दर वेळी वरच्या पट्टीत जाऊन टिचकी मारावी लागते. शिवाय जुन्या पुस्तकांच्या फाइली युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटांतल्या आहेत. त्या उघडल्या की टोप्या घातलेली रोमन अक्षरं आणि चिन्हं, बस. त्यातल्या एका पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे, त्यामुळे अडगळ म्हणून सोडूनही देता येत नाहीत. ज्या युनिकोडमधल्या आहेत त्या नीट उघडतात, पण पानं सरकतात. तिकडे पान १४२ वर असलेली ओळ इकडे १४५ वर. लेखकाशी फोनवर बोलताना याचा काय त्रास होतो, ते प्रूफं वाचणाऱ्यांना सांगायला नको.

आणि बोटं! कंट्रोल-सी दाबते, काही होत नाही. डिलीट दाबलं की मागचं अक्षर जातं, पुढचं घालवायला कळच नाही. फाइलवर एंटर मारलं की ती उघडायची सोडून नाव बदलायला मागते. लाल टिंबावर टिचकी मारून वर्ड बंद केलं तरी खाली ते चालूच. कट करून दुसऱ्या फोल्डरात नेण्याची सोयच नाही की काय?

शेवटचं, जुना लॅपटॉप भाचीला द्यायचा कबूल केलाय. ती रोज विचारते. कधी देऊ?

रात्रपाळी:

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण लोकांचं खरं नुकसान तिथे होतं. भाचीला सांगा, थांब. नव्या मशीनवर तुमचं एक आख्खं काम, म्हणजे फाइल येण्यापासून दुरुस्त्या करून परत पाठवेपर्यंत, जुन्याला हात न लावता पार पडलं की मगच द्या. तारखेवर ठरवू नका, कामावर ठरवा. देताना त्यातल्या प्रोग्रॅमांचे परवाने आधी सोडवून घ्या, खात्यांतून बाहेर पडा आणि 'रिसेट धिस पीसी'मधून सगळं पुसा. तिथे 'क्लीन डेटा'चा पर्याय आहे, तो चालू करा. वेळ खूप खातो, पण नुसत्या डिलीट केलेल्या फाइली परत काढता येतात.

तोवर जुन्या लॅपटॉपवर बसा आणि वनड्राइव्ह चालू आहे का ते बघा. असेल, तर तुमचा 'डॉक्युमेंट्स' फोल्डर बहुधा वनड्राइव्हच्या पोटात गेलेला आहे. त्यात ज्या फाइलींपुढे निळा ढग दिसतो, त्या लॅपटॉपवर नाहीतच. नुसतं नाव आहे, मजकूर सर्व्हरवर. फोल्डरवर उजवी टिचकी मारून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि सगळ्या ढगांच्या जागी हिरव्या खुणा येईपर्यंत धीर धरा. मग कॉपी करा.

मेल कसा येतो, आयमॅपने की पॉपने? आयमॅप असेल तर चिंता नाही, पत्रं सर्व्हरवर आहेत, मॅकवर खातं जोडलं की उतरतील. पॉप असेल तर वर्षानुवर्षांची पत्रं फक्त त्या जुन्या लॅपटॉपवर असू शकतात. तसं असल्यास तिथल्याच मेल प्रोग्रॅममध्ये तुमचं खातं आयमॅपने पुन्हा जोडा, जुने फोल्डर ओढून त्या खात्यात टाका आणि सर्व्हरवर चढू द्या. खात्यात तेवढी जागा आहे ना, हे आधी पाहा.

पासवर्ड ब्राउझरमधून सीएसव्ही फाइलीत काढता येतात आणि मॅकच्या 'पासवर्ड्स' ॲपमध्ये घेता येतात (मॅकओएस सिक्वोया, म्हणजे २०२४ पासून हे ॲप वेगळं मिळतं). पण त्या फाइलीत सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. काम झालं की ती दोन्ही मशीनवरून घालवा, कचरापेटीतूनही. आणि ती स्वतःलाच मेल करू नका. हसू नका, लोक करतात.

आता डिस्क. ती निरोगी आहे. विंडोजने ती एनटीएफएस पद्धतीने आखलेली आहे आणि मॅक एनटीएफएस वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. वैतागून मॅकवर ती फॉरमॅट मात्र करू नका, सगळं जाईल. मजकूर आधी मॅकवर उतरवा आणि उघडून तपासा. त्यानंतरही दोन्ही मशीनमध्ये ये-जा करायची असेल तर एखादी डिस्क एक्सफॅटमध्ये करून घ्या, ती दोन्हीकडे वाचता-लिहिता येते. फॅट३२ च्या नादी लागू नका, चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल तिच्यात मावत नाही. एक्सफॅटचं एवढंच पथ्य की तिच्यात व्यवहाराची नोंदवही नसते. लिहिणं चालू असताना केबल उपटली तर फाइली हरवू शकतात, म्हणून दर वेळी 'इजेक्ट' करून मगच काढा.

टाइम मशीनसाठी, म्हणजे फाइलींच्या प्रती आपोआप काढून ठेवणाऱ्या मॅकच्या सोयीसाठी, निराळी डिस्क ठेवा. ती मॅक स्वतःच्या एपीएफएस पद्धतीने आखून घेतो, त्यामुळे तिच्यावर आधीचं काही ठेवू नका. गेल्या २४ तासांच्या दर तासाच्या प्रती, गेल्या महिन्याच्या रोजच्या, त्याआधीच्या दर आठवड्याच्या, आणि जागा संपली की सर्वांत जुन्या उडतात. तुमच्या धंद्यात याचं मोल मोठं. लेखकाने नको त्या दुरुस्त्या स्वीकारून फाइल परत पाठवली आणि तुम्ही ती जुन्या फाइलीवर जतन केली, तरी काल दुपारची प्रत काढता येते.

विंडोजवरून मॅकवर सामान आणायला ॲपलचं मायग्रेशन असिस्टंट आहे. जुन्या लॅपटॉपवर त्याचा विंडोजवाला भाग उतरवायचा, दोन्ही मशीन एकाच नेटवर्कवर ठेवायची. कागदपत्रं, संपर्क, कॅलेंडर येतात, प्रोग्रॅम येत नाहीत. माझं मत विचाराल तर तुम्ही ते वापरू नका. तुमचं काम डिस्कवर आहेच, आणि त्या रस्त्याने 'डाउनलोड्स'मधली जुनीपुराणी बिलंही येतात.

फाइलव्हॉल्ट, म्हणजे मॅकच्या डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू करा. तिची रिकव्हरी की कागदावर लिहा. तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत मात्र ठेवू नका, दुसरीकडे कुठेही ठेवा.

बोटांचं कोणीतरी सांगेलच. मी झोपतो.

कळदाब्या:

बोटांचं मी सांगतो. सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, मॉडिफायर कीज. तिथे कंट्रोल आणि कमांड यांची अदलाबदल करा. संपलं. बोटं जशी होती तशी.

पुढचं अक्षर खोडायला एफएन धरून डिलीट. फाइल उघडायला कमांड-ओ किंवा कमांड आणि खालचा बाण. लाल टिंब फक्त खिडकी बंद करतं, प्रोग्रॅम बंद करायचा तर कमांड-क्यू. कट आहे, पण उलट्या बाजूने: आधी कमांड-सी, मग जिथे न्यायचं तिथे जाऊन कमांड-ऑप्शन-व्ही. कॉपी करायचं की हलवायचं, हे पेस्ट करताना ठरतं. मला तर हीच रीत जास्त शहाणपणाची वाटते. विंडोजवर कट करून फोन घ्यायला गेलं की परत येईपर्यंत काय उचललं होतं तेच आठवत नाही.

तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो, स्क्रोल उलटं वाटत असेल तर 'नॅचरल स्क्रोलिंग' बंद करा. मात्र माउस आणि ट्रॅकपॅड दोन्हीचं एकदमच बदलतं. एकाचं सुलट आणि दुसऱ्याचं उलट ही चैन मॅक स्वतःहून देत नाही.

रात्रपाळी:

कळदाब्या, अदलाबदलीला माझा विरोध आहे आणि तो निव्वळ हट्ट नाही. ताई दर दोन ओळींना मराठीतून इंग्रजीत उडी मारणार. मॅकवर ती उडी कंट्रोल-स्पेसने होते आणि स्पॉटलाइटची शोधपट्टी कमांड-स्पेसने उघडते. तुमच्या अदलाबदलीनंतर 'कंट्रोल' छापलेली कळ दाबली की शोधपट्टी समोर, आणि भाषा बदलायला 'कमांड' छापलेली कळ. म्हणजे कॉपी-पेस्टची सवय वाचवली आणि दिवसातून शंभरदा लागणारी गोष्ट बिघडवली. शिवाय दुसऱ्या कोणाच्या मॅकवर बसल्या की पुन्हा आंधळं टंकन.

ताई, त्यापेक्षा कीबोर्ड सेटिंग्जमध्ये 'टेक्स्ट इनपुट'खाली 'इनपुट सोर्सेस'च्या 'एडिट'मध्ये जा. मराठीचा कळफलक जोडलेला असेल तर तिथे कॅप्स लॉकने इंग्रजीत जाण्या-येण्याचा पर्याय असतो. तो चालू करा. एक टिचकी इंग्रजी, एक टिचकी मराठी. देवनागरीत मोठी-छोटी लिपी नाहीच, त्यामुळे त्या कळीचं दुसरं काही कामही नव्हतं. इंग्रजीत सलग मोठी अक्षरं हवी असतील तर तीच कळ थोडी दाबून धरायची. तिथेच प्रत्येक फाइलीची भाषा लक्षात ठेवून आपोआप कळफलक बदलण्याचा पर्याय आहे. तो मात्र मी बंद ठेवतो. कोणत्या क्षणी काय उमटणार, ते मला ठरवायचं असतं.

वरच्या पट्टीतल्या भाषेच्या खुणेखाली 'शो कीबोर्ड व्ह्यूअर' आहे. शिफ्ट आणि ऑप्शन धरून त्यात पाहा, कुठल्या कळीखाली काय दडलंय ते दिसतं.

आणि कमांडसाठी अंगठा वापरा. कंट्रोल करंगळीने दाबायची सवय इथे आणली की हात दुखणारच.

कळदाब्या:

शंभरदा उडी मारणाऱ्यांसाठी मान्य. मी दिवसभर इंग्रजीतच लिहितो, माझी अदलाबदल मी सोडणार नाही, माझी बोटं म्हातारी आहेत. फक्त एक भर: ही सेटिंग दर कीबोर्डला वेगळी असते. ताईंनी जुना विंडोजचा कीबोर्ड बाहेरून जोडला तर त्यावर विंडोजची कळ कमांड होते आणि ऑल्ट ही ऑप्शन. तेवढ्या कीबोर्डवर त्या दोघींची अदलाबदल करा, म्हणजे कमांड स्पेसच्या शेजारी येते, लॅपटॉपवर असते तशी. या लॅपटॉपला फक्त यूएसबी-सी खाचा आहेत, तेव्हा जुन्या कीबोर्डला आणि डिस्कला अडॅप्टर लागेल.

जुनी_लिपी:

उशिरा आलो, पण जुन्या फाँटांचा प्रश्न कोणी घेतलेला दिसत नाही.

ताई, फाइली बिघडलेल्या नाहीत. युनिकोडआधीच्या फाँटांत 'क' ला 'क' म्हणून स्वतःचा क्रमांक नसायचा. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे: काना, वेलांटी, अर्धा स, रफार. आणि ही वाटणी प्रत्येक कंपनीची निराळी. फाँट असला तर मराठी दिसतं, नसला की खालचं रोमन उघडं पडतं. तोच फाँट मॅकच्या फाँट बुकमध्ये टाकलात (परवाना परवानगी देत असेल तर), तर मजकूर बहुतेक वेळा वाचता येईल. पण वाचण्यापुरताच. त्यात 'पाणी' शोधायला गेलात तर सापडणार नाही, आणि त्या फाँटात टाइप करायचा प्रोग्रॅम विंडोजवरचा. मॅकवरच विंडोज टाकू म्हणाल, तर पूर्वीचं बूट कॅम्प एम चिपच्या मशीनवर नाही.

म्हणून रात्रपाळी म्हणतात त्यात माझी भर. लॅपटॉप भाचीकडे जाण्याआधी, जिथे हे फाँट अजून नांदताहेत तिथेच बसून, प्रत्येक जुन्या फाइलीची पीडीएफ काढा. फाँट आत बांधलेले असले पाहिजेत. ही पीडीएफ तुमचा पुरावा. पुढे रूपांतरात शंका आली की मूळ काय होतं ते हिच्यात पाहायचं. पेजमेकरच्या (पानं लावायच्या जुन्या प्रोग्रॅमच्या) फाइली असतील तर त्यांचं हे काम सर्वांत आधी. त्याची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची, तुमच्या नव्या मशीनवर ती चालणार नाही.

मग युनिकोडमध्ये रूपांतर. रूपांतरक, म्हणजे ते करणारा प्रोग्रॅम, नेमका त्याच फाँटासाठी बनवलेला हवा, नाव जवळपास सारखं असून चालत नाही. आधी एकच पान करून बघा. कुठे फसतं, ते मी सांगतो. पहिली वेलांटी जुन्या फाँटात अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. जोडाक्षर आलं की काही रूपांतरक तिला चुकीच्या व्यंजनावर टेकवतात. रफाराचंही तसंच, फक्त उलट बाजूने. मजकुरात मधेच इंग्रजी शब्द असतील तर त्यांनाही जुना फाँट समजून देवनागरी कचरा करून ठेवतात. आणि तळटीपा! मजकूर निवडून रूपांतरकात चिकटवला की तळटीपा मागेच राहतात, कुणाच्या लक्षातही येत नाही.

पानं सरकतात ते फाँट बदलल्यामुळे. फाइलीत विंडोजवरचा मंगल फाँट असेल आणि मॅकवर तो नसेल, तर वर्ड दुसरा एखादा देवनागरी फाँट घेतो, त्याची ओळीची उंची आणि अक्षरांची रुंदी वेगळी, की ओळी खाली ढकलल्या जातात. आधी वर्डच्या फाँटयादीत मंगल दिसतो का पाहा. नसल्यास दोन्ही मशीनवर एकच मोफत फाँट टाका. नोटो सान्स देवनागरी, मुक्ता चालतील. मला टिरो देवनागरी मराठी आवडतो, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. इतकं करूनही दोन वर्ड तंतोतंत एकाच जागी ओळ तोडतील याची हमी नाही. लेखकाशी पानांच्या आकड्यांत बोलायचं तर दोघांनी एकच पीडीएफ समोर ठेवून बोला.

मुद्रितशोधक:

सगळ्यांचे आभार. निळे ढग निघाले! भाषांतरांचा एक आख्खा फोल्डर नुसता नावापुरता होता, आता तो खाली उतरलाय. मेल आयमॅपच निघाला. कॅप्स लॉकची युक्ती तर अशी बसली की आता विंडोजवर बसलं की मी उगाच कॅप्स लॉक दाबते. अंगठ्याचं जमतंय. पीडीएफ काढून झाल्या, रूपांतर चालू आहे, तळटीपा खरोखरच मागे राहत होत्या.

नवी अडचण. रूपांतरित फाइलीत 'दुसऱ्या' शोधलं तर काहीच सापडत नाही, आणि डोळ्यांना तर पानापानावर दिसतंय. मी मॅकवर नव्याने टाइप केलेलं तेवढं सापडतं. दोन्ही शेजारी ठेवून मोठी करून पाहिली, काडीचा फरक नाही. हा मॅकचा दोष की रूपांतरकाचा?

जुनी_लिपी:

दोघांचाही नाही. तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो आणि दोन्ही प्रकार वैध आहेत. एक, नुक्तावाला ऱ आणि त्याला हलन्त. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे, मग डी, मग पुढचं य किंवा ह. तुम्ही टाइप करता तो हा. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यापाठोपाठ एक न दिसणारं जोडचिन्ह, झिरो विड्थ जॉइनर. तुमच्या रूपांतरकाने हा दुसरा वापरलेला दिसतोय. पडद्यावर फाँट दोघांना एकच रूप देतो, पण शोधयंत्र दिसणं बघत नाही, क्रमांक बघतं. साध्या र चा ०९३०, नुक्तावाल्याचा ०९३१.

रूपांतरित मजकुरातल्या एखाद्या 'दुसऱ्या'मधून 'ऱ्या' एवढंच उचला, शोधखान्यात चिकटवा, बदलखान्यात स्वतः 'ऱ्या' टाइप करा आणि सगळीकडे बदला. मग हेच 'ऱ्य', 'ऱ्यां', 'ऱ्हा', 'ऱ्हे' यांसाठी, फाइलीत जे जे असेल त्यासाठी. झिरो विड्थ जॉइनर सरसकट शोधून पुसायचा मोह होईल, तो करू नका. तो इतर ठिकाणी मुद्दाम घातलेला असतो, काही जोडाक्षरं मोडून पायमोडकी न दाखवता अर्धी दाखवण्यासाठी. शिवाय या र नंतरचा तो पुसलात की 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होईल.

ते झालं की 'ॲ' पण तपासा. त्याला स्वतःचा क्रमांक २००८ मध्ये, युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. त्याआधी लोक अ वर चंद्र चढवत, आणि जुने रूपांतरक अजूनही तसंच करतात. स्वतःच्या क्रमांकाचा 'ॲडव्होकेट' आणि रूपांतरकाचा 'ॲडव्होकेट' एकमेकांना ओळखणार नाहीत. शब्दसूची किंवा नामसूची वर्णानुक्रमे लावायची असेल तर हे त्याआधीच करा, नाहीतर एकच नाव दोन ठिकाणी येईल.